पुन्हा २ फेब्रुवारी: ‘ग्राउंडहॉग डे’ आणि आठवण असलेला एकटा माणूस

१/२१
१२ फेब्रुवारी १९९३ रोजी अमेरिकेत ‘ग्राउंडहॉग डे’ नावाचा विनोदी चित्रपट प्रदर्शित झाला. दिग्दर्शक हॅरोल्ड रेमिस, नायक बिल मरे. अमेरिकेत सुमारे ७ कोटी डॉलरचा गल्ला जमला, समीक्षकांनी पाठ थोपटली, ऑस्करचे एकही नामांकन मिळाले नाही. अशा चित्रपटांची गोष्ट बहुधा इथेच संपते. हिची संपली नाही. का संपली नाही, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिच्याकडे का पाहावे, यासाठी हा धागा. धागा लांब आहे, सवडीने वाचा. कथेचा शेवटही पुढे येणार आहे, तेव्हा चित्रपट पाहिला नसेल तर आधी पाहून या.

२/२१
कथा थोडक्यात. फिल कॉनर्स हा पिट्सबर्गच्या दूरचित्रवाहिनीवर हवामान सांगणारा, स्वतःवर फार खूश असलेला आणि इतरांना तुच्छ लेखणारा गृहस्थ. निर्माती रीटा आणि कॅमेरामन लॅरी यांच्यासह तो पंक्सटॉनी या छोट्या गावी एका उत्सवाचे वार्तांकन करायला जातो. हिमवादळामुळे तिघे तिथेच अडकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गजराच्या रेडिओवर तेच गाणे लागते, तीच माणसे तेच बोलतात. तारीख पुन्हा २ फेब्रुवारी. त्यानंतरही २ फेब्रुवारीच. दिवस पुन्हा पुन्हा उगवतो आणि ते फक्त फिलला ठाऊक असते.

३/२१
प्रदर्शनानंतर काय घडले ते पाहा. त्याच्या पटकथेला ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. १९९६ मध्ये बोस्नियात तैनात अमेरिकी सैनिकांसमोर बोलताना राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्याचा उल्लेख केला, कारण छावणीतल्या एकसारख्या दिवसांना सैनिक हेच नाव देत होते. समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी १९९३ मध्ये तीन तारे दिले होते. २००५ मध्ये आपण त्याला कमी लेखले अशी कबुली देऊन त्यांनी तो थोर चित्रपटांच्या यादीत घेतला. २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याची नोंद झाली. २०१६ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर त्याचे संगीतनाटक आले. आज इंग्रजी शब्दकोशांत ‘ग्राउंडहॉग डे’चा दुसरा अर्थ ‘तेच ते पुन्हा घडणे’ असा दिलेला आढळतो.

४/२१
आधी त्या उत्सवाचा इतिहास. २ फेब्रुवारी हा ख्रिस्ती परंपरेतला ‘कँडलमस’, म्हणजे नाताळानंतरचा चाळिसावा दिवस. हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस आणि वसंतसंपात यांच्या जवळपास मध्यावर तो येतो. त्या दिवशी ऊन पडले तर थंडी लांबणार, आभाळ असेल तर ती लवकर सरणार, असा युरोपातल्या शेतकऱ्यांचा आडाखा होता. जर्मन प्रदेशांत तो बॅजर या प्राण्याच्या सावलीवरून बांधत. जर्मन लोक पेनसिल्व्हेनियात येऊन वसले, तेव्हा बॅजरची जागा तिथल्या ग्राउंडहॉगने घेतली. हा खारीच्या कुळातला, मांजराएवढा आणि बिळात हिवाळा झोपून काढणारा प्राणी. १८८७ पासून पंक्सटॉनीची मंडळी गॉब्लर्स नॉब या टेकडीवर या उत्सवासाठी जमू लागली.

५/२१
त्या ग्राउंडहॉगचे नावही फिल. उत्सव चालवणाऱ्या मंडळाचा दावा असा की, सुरुवातीपासून आजतागायत हा एकच फिल आहे आणि दरवर्षी पाजल्या जाणाऱ्या एका रसायनामुळे तो अमर झाला आहे. ग्राउंडहॉगचे आयुष्य जेमतेम काही वर्षांचे असते हे सर्वांना ठाऊक आहे, तरीही हा विनोद गंभीर चेहऱ्याने पाळला जातो. पटकथाकार डॅनी रुबिन यांनी याच गावाची आणि दिवसाची निवड केली. चित्रपटात एक फिल पेटीत बसून थंडी केव्हा सरेल ते सांगतो आणि दुसरा फिल थंडीच्या एकाच दिवसात कोंडला जातो.

६/२१
इथे काळाच्या दोन कल्पना समोरासमोर येतात. शेतकऱ्याचा काळ गोल फिरतो, पण दर फेऱ्यात नवे काही उगवते. हिवाळा परत येतो, तसा वसंतही येतो. गजराच्या घड्याळाचा काळ वेगळा. ई. पी. थॉम्पसन यांचा १९६७ चा ‘पास्ट अँड प्रेझेंट’मधला निबंध इतिहासाच्या विद्यार्थ्यांना परिचित असेल. औद्योगिक भांडवलशाहीने हाती घेतलेल्या कामाच्या गतीने चालणारा दिवस मोडून घड्याळाच्या तासांनी मोजला जाणारा दिवस कसा रूढ केला, हे त्यांनी त्यात दाखवले. सहाचा गजर, तीच वाट, तेच चेहरे! हा अनुभव जादूचा नाही. कारखाना आणि कचेरी यांनी तो जगभर नेला आहे.

७/२१
चित्रपटाला हे नेमके ठाऊक आहे. बोलिंगच्या अड्ड्यावर फिल गावातल्या दोन मद्यपींशेजारी बसतो आणि विचारतो: एकाच जागी अडकलात, रोजचा दिवस तसाच निघाला आणि तुमच्या कशाही करण्याने काही फरक पडत नसला, तर तुम्ही काय कराल? त्यातला एक शांतपणे सांगतो की, माझे आयुष्य थोडक्यात हेच आहे. प्रेक्षागृह हसते. फिलला वाटत असते की, आपल्यावर विश्वातले अभूतपूर्व संकट कोसळले आहे. शेजारचा माणूस ते कित्येक वर्षे जगत असतो.

८/२१
आता कल्पनेचा इतिहास. काळाचे पुनरावर्तन ही मानवाची फार जुनी कल्पना आहे. ग्रीक स्टोइक परंपरेत विश्व ठरावीक काळाने अग्नीत लय पावते आणि पुन्हा तंतोतंत तसेच घडते, असे मानणारे होते. पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने ‘सिटी ऑफ गॉड’च्या बाराव्या खंडात या मताचा प्रतिवाद केला. तोच प्लेटो त्याच अथेन्समध्ये त्याच शिष्यांना अनंत वेळा शिकवत राहणार, ही कल्पना त्याला मान्य नव्हती, कारण त्याच्या श्रद्धेनुसार ख्रिस्त एकदाच मरण पावला. काळ सरळ रेषेत पुढे जातो हे युरोपात पुढे रुजलेले गृहीत समजून घेताना हा वाद विसरता येत नाही.

९/२१
१८८२ मध्ये नीत्शेने ‘द गे सायन्स’ या ग्रंथात चक्राची कल्पना पुन्हा मांडली, तीही कसोटी म्हणून. एकाकी रात्री एखाद्या पिशाच्चाने येऊन सांगितले की, हेच आयुष्य याच क्रमाने तुला अनंत वेळा जगायचे आहे, तर तू दात-ओठ खाशील की त्याला देवदूत मानशील? ‘ग्राउंडहॉग डे’वर लिहिणारे पुष्कळ जण इथे थांबतात आणि चित्रपट म्हणजे नीत्शेचे चित्ररूप असे म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही.

१०/२१
कारण स्मृती. स्टोइकांच्या चक्रात मागच्या फेऱ्याची आठवण कोणालाच नसते. नीत्शेच्या कसोटीतही माणूस तेच तसेच जगतो. फिलला मात्र सारे आठवते आणि तो वेगळे वागू शकतो. आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे: जातिस्मर, पूर्वजन्म आठवणारा. जातककथांत बुद्ध पूर्वजन्मीची गोष्ट सांगतात आणि शेवटी त्यातला कोण आज कोण आहे ते ओळखून दाखवतात. समोरच्या श्रोत्यांना यातले काही आठवत नसते. पंक्सटॉनीत फिलची स्थिती अशी आहे. गावातल्या प्रत्येकाकडे एक दिवस आहे. इतिहास फक्त फिलकडे आहे.

११/२१
पण आठवण असणे पुरेसे असते का? रशियन लेखक उस्पेन्स्की यांची १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेली इव्हान ओसोकिनची कादंबरी याच प्रश्नाची आहे. आयुष्याचा विचका झालेला ओसोकिन एका मांत्रिकाला विनवून बारा वर्षे मागे जातो. पुढे काय होणार ते ठाऊक असूनही तो एकेक चूक तशीच पुन्हा करतो. चुका माहीत असल्या की त्या टळतात, हा इतिहासाविषयीचा आपला लाडका समज उस्पेन्स्कीने ‘ग्राउंडहॉग डे’च्या किती तरी आधी मोडीत काढला होता. फिलची गोष्ट या जागेवरून पुढे जाते. ज्ञान हाती आल्यावर माणूस त्याचे काय करतो, हा तिचा विषय आहे.

१२/२१
फिल प्रथम त्याचे हत्यार करतो. बँकेची रोकड नेणाऱ्या गाडीजवळचा पहारेकरी कोणत्या क्षणी पाठ वळवतो, हे त्याने इतक्यांदा पाहिलेले असते की, तो क्षण मोजत मोजत चालत जाऊन थैली उचलतो. नॅन्सी नावाच्या तरुणीला तो तिची शाळा आणि इंग्रजीच्या शिक्षिकेचे नाव विचारून ठेवतो. ‘दुसऱ्या’ दिवशी तो तिचा जुना वर्गमित्र बनून येतो. तिला काहीच आठवत नसल्यामुळे ती आपल्याच स्मृतीवर शंका घेते आणि त्याच्यावर विश्वास ठेवते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा प्रसंग नीट पाहावा. खऱ्या तपशिलांवर रचलेला हा खोटा इतिहास आहे. अशा बनावटीतला प्रत्येक सुटा पुरावा अस्सल असू शकतो.

१३/२१
रीटाच्या बाबतीत तो हेच करू पाहतो. तिने एकोणिसाव्या शतकातली फ्रेंच कविता अभ्यासली हे कळल्यावर तो आधी हसतो, हा वेळेचा अपव्यय म्हणतो. पुढच्या फेऱ्यात तो फ्रेंचमध्ये ओळी म्हणून दाखवतो. तिला आवडणारे पेय, तिच्या आदर्श पुरुषाची कल्पना, सगळ्याचे टिपण त्याच्या डोक्यात तयार असते. तरी दर रात्री शेवटी थप्पड बसते, कारण रीटाला काहीतरी रचलेले आहे याचा वास येतो. तपशील अचूक असूनही आस्था खोटी असू शकते, हे तिला कोणत्याही पुराव्याशिवाय समजते.

१४/२१
मग निराशा येते. फिल ग्राउंडहॉगला पळवून त्याच्यासह गाडी खाणीत घालतो. नाना मार्गांनी मरून पाहतो आणि सहा वाजता जागा होतो. एकदा उपाहारगृहात तो रीटाला म्हणतो की, मी देव आहे, आणि पुरावा म्हणून तिथल्या एकेका माणसाचे आयुष्य सांगून दाखवतो. पुढे तो एक विलक्षण शंका मांडतो: कदाचित देव सर्वशक्तिमान नसेलही, तो फार काळ इथे आहे म्हणून त्याला सारे ठाऊक असेल. ती रात्र रीटा त्याच्यासोबत गप्पा मारत काढते आणि सहज म्हणून जाते की, हा शाप असेलच असे नाही, पाहण्यावर आहे. कथा इथे वळते. फिल पुस्तके वाचू लागतो, पियानो शिकतो, बर्फाची शिल्पे कोरतो.

१५/२१
आणि मग तो म्हातारा भिकारी. रोज सकाळी फिल ज्याला टाळून पुढे जात असे तो. एका रात्री फिल त्याला गल्लीत कुडकुडताना पाहून इस्पितळात नेतो. म्हातारा मरतो. परिचारिका सांगते की, त्याचे वय झाले होते, इतकेच. फिलला ते मान्य नसते, कारण त्याच्याकडे अगणित २ फेब्रुवारी शिल्लक असतात. तो त्याला गरम सूप पाजतो, बाबा म्हणतो, गल्लीत गुडघे टेकून त्याच्या तोंडात श्वास भरतो. म्हातारा दर वेळी मरतो. विनोदी चित्रपटाच्या मधोमध ठेवलेली ही काही मिनिटे काढून टाकली, तर माझ्या मते उरलेल्याला अर्थ राहत नाही. अमर्याद वेळ आणि संपूर्ण ज्ञान हाती असूनही एक माणूस वाचत नाही.

१६/२१
इथे थोडे स्वतःचे सांगते. शेवटच्या दोन वर्षांत माझ्या आजीची स्मृती गेली होती. दर सकाळी ती विचारायची, “हे अजून बाजारातून आले कसे नाहीत गं?” आजोबांना जाऊन सात वर्षे झाली होती. मी इतिहासाची विद्यार्थिनी, तथ्य ते तथ्य. मी तिला खरे सांगत असे, आणि दर सकाळी ती नव्याने विधवा होत असे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न आणि पुन्हा माझे तेच अचूक उत्तर. घरात आठवण माझ्याकडे होती, तिच्याकडे फक्त तो दिवस होता. शेवटी आई मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाली, “त्यांना रोज रडवून तू काय मिळवतेस?”

१७/२१
दुसऱ्या सकाळी मी विचारले, “आजी, आजोबा बाजारातून काय काय आणायचे गं?” तिने सांगितले: कोवळी गवार, भाजलेल्या शेंगा, आणि चतुर्थीला न विसरता जास्वंदीची फुले. रोज विचारले, रोज सांगितले. कधी एखादी नवी वस्तू पिशवीतून निघे. आजी बरी झाली नाही. त्या दोन वर्षांत मी हा चित्रपट पुन्हा पाहिला आणि पहिल्यांदा पाहताना ज्या म्हाताऱ्याकडे माझे लक्षही गेले नव्हते, त्याच्यापाशी थांबले.

१८/२१
म्हातारा गेल्यावर फिलचा दिवस बदलतो. झाडावरून पडणाऱ्या मुलाला तो रोज ठरलेल्या क्षणी झेलतो. मुलगा कधीही आभार मानत नाही, पळून जातो. घशात घास अडकलेल्या महापौरांना तो वाचवतो, वृद्ध बायकांच्या गाडीचे चाक बदलून देतो. उद्या यातले काहीच उरणार नाही, मुलगा पुन्हा झाडावर असेल, हे त्याला पक्के ठाऊक असते. दरोड्यासाठी वापरलेले वेळेचे तेच ज्ञान आता मुलाला झेलण्यासाठी लागते. माहिती तीच राहिली, तिचा मालक बदलला. याच सुमारास त्याची सुटण्याची धडपड थांबते, आणि मग एका सकाळी ३ फेब्रुवारी उगवते.

१९/२१
हे सारे का घडले, ते चित्रपट सांगत नाही. हा त्याच्या निर्मितीच्या इतिहासातला निर्णायक निर्णय आहे. रुबिन यांच्या मूळ पटकथेत गोष्ट चक्राच्या मध्येच सुरू होत होती. रेमिस यांनी ती पहिल्या दिवसापासून मांडली. स्टुडिओला कारण हवे होते, म्हणून सोडून दिलेल्या प्रेयसीचा शाप लिहिला गेला आणि नंतर गाळला गेला. शाप राहिला असता तर ती एका माणसाची शिक्षा झाली असती. कारण गाळल्यामुळे मधली जागा रिकामी राहिली आणि तिथे प्रत्येकाला आपले काही दिसू लागले. बौद्ध, ज्यू, ख्रिस्ती, मनोविश्लेषक असे सारे हा चित्रपट आमचा आहे म्हणून लिहितात, असे रेमिस सांगत. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने श्रद्धा आणि चित्रपट या विषयावर भरवलेल्या मालिकेत तो दाखवला गेला. मराठी वाचकाला चौऱ्याऐंशीचा फेरा आठवेल, आणि मोक्ष नको, पुन्हा जन्म दे म्हणणारे आपले संतही.

२०/२१
एक कडू तपशील. मरे आणि रेमिस यांनी एकत्र केलेला हा सहावा आणि शेवटचा चित्रपट. चित्रीकरणाच्या काळात मतभेद विकोपाला गेले. मरे यांना चित्रपट अधिक तात्त्विक हवा होता, रेमिस यांना विनोद सांभाळायचा होता. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे या जुन्या मित्रांत बोलणे नव्हते. रेमिस आजारी असताना अखेरीस मरे त्यांना भेटायला गेले. २४ फेब्रुवारी २०१४ रोजी रेमिस यांचे निधन झाले. पडद्यावरच्या फिलला हवे तितके दिवस मिळाले. हा चित्रपट बनवणाऱ्या दोघांना मिळालेले दिवस मोजके होते.

२१/२१
आता आपल्याविषयी. १४ जानेवारी १७६१ या दिवशी आपण सगळे कितीदा जागे झालो आहोत! भाऊसाहेब हत्तीवरून उतरले नसते तर? यात्रेकरू आणि बायकामुले सोबत नसती तर? दर संक्रांतीला वाद तोच, शिव्याही त्याच. त्या दिवशी पडलेल्यांपैकी एकही आपल्या वादाने उठणार नाही. ते आपले म्हातारे आहेत, सगळे जाणूनही न वाचणारे. आपल्याकडे त्यांच्याहून जास्त आहे ते एकच, पुढे काय झाले याची आठवण. तिच्या जोरावर कोणाला गप्प करता येते, कोणाचा पूर्वज काढता येतो, खऱ्या तपशिलांचा खोटा इतिहास रचता येतो. फिल हे सारे करून बसला आणि सहाला पुन्हा तिथेच जागा झाला. पुढचा वाद सुरू करण्याआधी त्या झाडाखाली उभ्या असलेल्या, कोणी आभार न मानणाऱ्या फिलला एकदा आठवा. धागा समाप्त. तुम्हाला चित्रपटातला कोणता प्रसंग लक्षात राहिला, ते खाली जरूर लिहा.